आधी बेसिक विचारा, बॅग नंतर भरा

आखातात नोकरीला जाणाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या प्रश्नांतली या वेळी चार पत्रं घेतली आहेत. उरलेल्यांतली निम्मी “नाना, कुठंतरी लावून द्या” अशी आहेत. मी भुसावळचा इलेक्ट्रिशियन, एजंट नाही. १९९९ ते २०१८ अबू धाबीजवळच्या मुसफ्फात राहिलो; तिथं जे पाहिलं आणि सोसलं, तेवढंच सांगू शकतो. माझ्या नावावर कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न: नाना, रामराम. मी चोपडा तालुक्यातला, वय २४, आयटीआय इलेक्ट्रिशियन. मुंबईचा एक एजंट दुबईत १,८०० दिरहमची नोकरी देतो म्हणतो. व्हिजिट व्हिसावर जायचं, कंपनी तिथं व्हिसा बदलून देईल. एक लाख वीस हजार मागतो. केळीचे पैसे आलेत, वडील द्यायला तयार आहेत. जाण्याआधी काय काय तयारी करू?

भाऊ, पहिली तयारी ही की वडिलांना आजच सांग, केळीचे पैसे बँकेतून काढू नका.

व्हिजिट व्हिसावर काम करणं यूएईत (दुबई, अबू धाबी, शारजा ज्या देशात आहेत तिथं) बेकायदा आहे. ‘तिथं गेल्यावर बदलून देतील’ हे मी वीस वर्षं ऐकलं. कधीकधी खरंच बदलून मिळतो, आणि तेच वाईट. गावातला एक जण मार्गी लागला की त्याचं नाव सांगून दहा जण पाठवले जातात. मुदत उलटली की आता दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. आमच्या कामगार कॅम्पात धुळ्याकडचा एक पोऱ्या असाच अडकला होता. दिवसभर खोलीत बसून राहायचा, बाहेर गाडीचं दार वाजलं तरी दचकायचा. २००७ साली तिथल्या सरकारनं माफी जाहीर केली, तेव्हा आम्ही वर्गणी काढून त्याचं तिकीट काढलं. त्याचा एजंट तोवर फोन उचलायचा बंद झाला होता.

माणसं परदेशी पाठवायला १९८३ च्या कायद्याखाली केंद्र सरकारचा परवाना लागतो. परवाना क्रमांक माग आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः टाकून बघ. ऑफिसात भिंतीवर लावलेली चौकट बघून परत येऊ नकोस. परवानाधारक एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तोही पावतीनं. तुझा एजंट चौपट मागतोय. शिवाय यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च मालकानं करायचा, तो कामगाराकडून वसूल करायचा नाही, असं स्पष्ट आहे.

आणखी एक. दहावी नापास माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी हवी’ असा शेरा असतो. त्याला यूएईसारख्या १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागते, १० लाखांचा प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये. तू दहावी पास, तुला ती मंजुरी लागत नाही. म्हणूनच तुझ्यासारखे शिकलेले पोरं व्हिजिटवर चढवणं त्यांना सोपं जातं, मधे कुणी विचारणारा नसतो.

आता १,८०० चं बघू. हा आकडा एकूण पगाराचा आहे की बेसिकचा, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगाराचा? हे विचारल्याशिवाय पुढं एक शब्द बोलू नकोस. मला १९९९ मध्ये मुंबईत तोंडी ९०० दिरहम सांगितले होते. दिरहम तेव्हा पावणेबारा रुपयांच्या आसपास. घरी आम्ही दहा हजार धरून हिशेब केले, बहिणीच्या लग्नाची तारीखसुद्धा काढली. तिथं उतरलो, तर पुढं आलेल्या कागदावर बेसिक ४००, बाकीचे जेवणाचे आणि ‘इतर’. जेवण कंपनीच्या मेसमध्ये, म्हणजे ते पैसे हातात कधी आलेच नाहीत. सही केली. परतीच्या तिकिटाला पैसे कुठं होते?

बेसिक एवढं का महत्त्वाचं? तिथं ओव्हरटाइम बेसिकवर धरतात, किमान सव्वापट. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढं ३० दिवसांचा. समज, तुझ्या १,८०० पैकी बेसिक ९००. पाच वर्षांनी ग्रॅच्युइटी ३,१५० दिरहम. तेच बेसिक १,४०० असेल तर ४,९००. महिन्याला हातात येणारी रक्कम दोन्हीकडे तीच, म्हणून पोरं खपवून घेतात.

खरी नोकरी असेल तर व्हिसा निघण्याआधी तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर येतं. ते अरबी, इंग्रजी आणि तिसऱ्या एका भाषेत असतं, हिंदीतलं माग. इंग्रजी येत असलं तरी माग, कारण ते वडिलांनाही वाचून दाखवता येईल. त्यात बेसिक किती, राहायची सोय कुणाची, साइटवर न्यायला बस आहे का, प्रोबेशन किती (सहा महिन्यांच्या वर ठेवता येत नाही) आणि कामाचं नाव काय, एवढं बघ. ‘इलेक्ट्रिशियन’ लिहिलंय की ‘हेल्पर’, हे दोनदा बघ.

कागदांतलं आपल्याकडचं खास दुखणं म्हणजे नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं, मग वडिलांचं. आधारवर उलटं. आयटीआयच्या दाखल्यावर ‘पाटील’चं स्पेलिंग वेगळं. इथं कुणी विचारत नाही, तिथं मात्र खिडकीवरून परत पाठवतात. पासपोर्टवर नुसतं एकच नाव असेल, आडनावाची जागा कोरी असेल, तर २०२२ च्या नोव्हेंबरपासून यूएईत अशा पासपोर्टवर नोकरीचा किंवा व्हिजिटचा व्हिसा अडू शकतो. दुरुस्त्या इथं असतानाच उरकून घे. आणि पासपोर्ट कंपनीनं ‘सांभाळायला’ मागितला तर नम्रपणे नाही म्हण. ठेवून घ्यायचा त्यांना हक्क नाही. आम्ही सगळ्यांनी दिले होते, ते सोड.

कामाचं म्हणशील तर हात तयार असतो आपला, सवयी नसतात. इथं ठेकेदाराकडे आम्ही खांबावरून ओरडून विचारायचो, “लाइन बंद शे का?” खालून “शे!” आलं की हात घालायचा. तिथं पहिल्याच दिवशी फोरमननं माझ्या हातात एक लाल कुलूप दिलं. मला वाटलं, पेटीचं असेल. ते ब्रेकरला लावायचं होतं. ब्रेकर पाडायचा, त्याला आपलं कुलूप, त्यावर आपल्या नावाची पट्टी, किल्ली आपल्या खिशात. काम संपवून मीच ते काढायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात मी ते लावायला विसरलो तर त्यानं दिवसभर नुसतं उभं ठेवलं. ‘लॉकआउट’ (हेच कुलूप लावणं) आणि ‘परमिट’ (काम सुरू करायची लेखी परवानगी) हे दोन शब्द आणि त्यामागची पद्धत इथूनच शिकून जा. मुलाखतीतही हेच विचारतात.

प्रश्न: माझे मिस्टर पुढच्या महिन्यात शारजाला चाललेत, कंपनीचा व्हिसा आहे. चार एकर कपाशी त्यांच्या नावावर. घरी सासू-सासरे, दोन मुलं. मागं राहणाऱ्या बाईनं काय तयारी करावी, हे कुणी सांगतच नाही. (पारोळा)

ताई, खरं आहे, कुणी सांगत नाही. मीही माझ्या घरी सांगितलं नव्हतं.

पहिली चार वर्षं मी पैसे थोरल्या भावाच्या खात्यावर पाठवले. भाऊ चांगला माणूस, एक रुपया खाल्ला नाही. पण पोरीच्या वहीसाठी वीस रुपये हवे असले तरी बायकोला दिराच्या दारात उभं राहावं लागायचं, हे मला सुटीवर आलो तेव्हा कळलं. तेही तिनं नाही, पोरीनं सांगितलं. तेव्हा घरखर्चाचे पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यावर येतील, हे ते विमानात बसायच्या आधी ठरवा. महिन्याला किती, सासू-सासऱ्यांचे किती, कर्जाचे किती. सगळ्यांसमोर बोलून ठरवा, म्हणजे नंतर तुमच्यावर बोट येत नाही. आणि त्यांचा पगार गावात सांगू नका. सांगितला की उसने मागणारे येतात, नाही म्हटलं की ‘दुबईची हवा लागली’.

त्यांचं इथलं साधं बचत खातं परदेशी नोकरीला गेल्यावर एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशांचं खातं) करून घ्यावं लागतं. तिथली कमाई ठेवायला एनआरई खातं वेगळं; त्याच्या व्याजावर इथं आयकर नाही. बँकेला लागलेला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. रोमिंग चालू करून सिम सोबत न्यायला लावा, रिचार्ज तुम्ही इथून मारत राहा. रिचार्ज चुकून सिम गेलं की ओटीपी येत नाही, आणि ओटीपीवाचून खात्यातले पैसे असून नसल्यासारखे.

शेतीचं थोडं वेगळं आहे. पीएम किसानच्या नियमात अनिवासी भारतीय बसत नाही, तेव्हा हप्ता येतच राहिला तर खूश होऊ नका, तो परत मागतात. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, तुमच्या मोबाइलवर करायला शिकून घ्या. मुखत्यारपत्र करायचंच असेल तर ठरावीक कामापुरतं करा, कर्जाचं, पीकविम्याचं. ‘सर्व अधिकार’ असं मोघम लिहिलेलं सख्ख्या भावालाही देऊ नये, असं माझं मत आहे. लोकांना ते आवडत नाही.

आणि फोन. यूएईत व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात, आवाज रेकॉर्ड करून पाठवलेलाही जातो, पण कॉल लागत नाही. तिथं परवानगी असलेलं बॉटिम वगैरे अॅप दोघांच्या फोनवर आधीच टाकून ठेवा. नाहीतर पहिल्या रात्री तुम्ही इकडं कॉल लावत बसाल, सासूबाई तिकडं देव पाण्यात ठेवतील.

तिथला एक नंबर वहीत लिहून त्यांच्या पाकिटात घाला: ८०० ४६३४२. आपल्या सरकारच्या मदत केंद्राचा आहे, यूएईत फुकट लागतो.

प्रश्न: नंदुरबारच्या उन्हात वाढलोय. तिकडचा उन्हाळा सोसेल ना?

मलाही असाच माज होता. भुसावळच्या माणसाला ऊन कोण शिकवणार? पण आपलं ऊन कोरडं. रुमाल बांधला, सावलीत बसला, माठातलं पाणी प्यायला, की उतरतं. तिथं समुद्राकाठी ऑगस्टात हवाच ओली असते, घाम अंगावरच राहतो, सावलीत बसूनही काही फरक पडत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे, पण ओल्या हवेचा खरा त्रास सकाळी सहाला असतो. नवा माणूस तहान लागेपर्यंत थांबतो आणि पडतो. तहान लागायच्या आधी पाणी, लघवी पिवळी दिसली की आणखी पाणी. पहिले दोन आठवडे हिरोगिरी नको.

प्रश्न: नानाभाऊ, मुलगा अबू धाबीला चालला. ३० किलो सामान चालतं म्हणे. काळा मसाला, बिबड्या (ज्वारीचे पापड), लोणचं, शेव, माझ्याच बीपीच्या गोळ्यांतल्या थोड्या, खोकल्याचं औषध असं बांधून ठेवलंय. अजून काय देऊ? (अमळनेर)

वहिनी, अजून देऊ नका. आधी थोडं काढा.

गोळ्या तर पहिल्या काढा. तुमच्या बीपीच्या गोळ्या त्याला कशाला? त्याला स्वतःला रोजचं औषध असेल तर डॉक्टरची चिठ्ठी त्याच्या नावाची, गोळ्या मूळ पाकिटातच. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. इथं मेडिकलवाला देतो, तिथं त्यावर निर्बंध आहेत. ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या, तेच. बाटलीवर काय लिहिलंय ते कळत नसेल तर बाटलीच ठेवून घ्या.

आता मसाला. तुमच्या काळ्या मसाल्यात खसखस आहे का? असणारच. यूएईत खसखस बंद आहे. अफूच्या बोंडातली ती, म्हणून अमली पदार्थांत धरतात. चिमूटभर का असेना, विमानतळावर ‘आईनं दिलाय’ हे कुणी ऐकत नाही.

माझ्या आईनं मला दीड किलो दिला होता. मिरच्या स्वतः निवडलेल्या, खोबरं चुलीवर भाजलेलं, जुन्या साडीच्या फडक्यात पुरचुंडी, वर प्लॅस्टिक, त्यावर आणखी एक फडकं. मुंबईला लॉजवर माझ्या खोलीत एक केरळी म्हातारा होता, पंधरा वर्षं आखातात काढलेला. सामान बघता बघता त्यानं पुरचुंडीला नाक लावलं आणि विचारलं, “इसमें पॉपी है?” मला पॉपी माहीत नव्हतं. त्यानं फडकं सोडलं, चिमूट तळहातावर पसरली आणि नखानं पांढरा कण बाजूला काढून दाखवला. रात्री दहा वाजता मी ती पुरचुंडी लॉजवाल्याच्या बायकोला दिली. तिनं वास घेतला आणि लगेच आत घेऊन गेली, पुन्हा दारात आलीच नाही.

महिनाभरानं गावातल्या एसटीडीवर आईला बोलावून घेतलं. मिनिटाला पैसे जात होते आणि तिनं पहिलं हेच विचारलं, “मसाला पुरस का रे?” पुरतो म्हटलं. ती म्हणाली, कुणी येणारा असला तर आणखी धाडते. तेव्हा सांगावं लागलं, की आता धाडशील तो खसखस न घालता. का ते विचारलं नाही तिनं. पुढची अठरा-एकोणीस वर्षं तसाच कुटून देत गेली.

बिबड्या द्या, कोरड्या आहेत, चार महिने टिकतात. शेव द्या, दोन किलोच्या आत. लोणच्याचं तेल वरपर्यंत भरू नका, बरणीला टेप मारा आणि ती कपड्यांच्या पिशवीपासून लांब ठेवा. मसाला घरी वापरा, त्याच्यासाठी दुसरा करा. मिरची अजून बाजारात आहे तोवर करून टाका.