३४ ठराव मोजायचे कसे?

प्रश्न : ताई, माझी लेक नेब्रास्कात असते, अमेरिकेची नागरिकही झाली आहे. घटनादुरुस्तीसाठी परिषद बोलवावी, असा ठराव तिथल्या विधिमंडळाने २०२२ मध्ये केला. असे ३४ ठराव जमले की अख्खी घटना नव्याने लिहितील, असं शेजारीण म्हणाल्यापासून ती धास्तावली आहे. हे खरं का? – एक वाचक

उत्तर : लेकीला आधी ३८ हा आकडा सांगा. परिषदेने काहीही सुचवलं, तरी पन्नासपैकी ३८ राज्यांनी मान्यता दिल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. तेरा राज्यं अडून बसली की विषय संपला. ३४ हा आकडा फक्त परिषद बोलावण्यापुरता आहे.

तरी तिची भीती मी उडवून लावणार नाही. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला जमलेल्या प्रतिनिधींना तेव्हाच्या तेरा राज्यांमधल्या जुन्या करारात सुधारणा सुचवायला धाडलं होतं. त्यांनी नवी घटनाच लिहिली, आणि करार बदलायला तेराही राज्यांची संमती लागत असताना नऊ पुरेत असं ठरवलं. शेजारीणबाईंच्या मनात हेच असणार.

परिषदेची वाट घटनेत आली तीही तिथेच. १५ सप्टेंबरला, काम संपत आलं असताना, जॉर्ज मेसन या प्रतिनिधीने हरकत घेतली : केंद्रच जुलमी झालं तर दुरुस्ती सुचवणार कोण? त्यावर दोन-तृतीयांश राज्यांनी मागितल्यास काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, परिषद बोलवावी, असं ठरलं. कामकाजाची रीत काय, गणसंख्या किती, यावरून अडचणी येतील असं जेम्स मॅडिसन हे दुसरे प्रतिनिधी तेव्हाच म्हणाले होते. त्याचं उत्तर आजही लिहिलेलं नाही. आजवरच्या २७ही दुरुस्त्या काँग्रेसनेच सुचवल्या, परिषद एकदाही भरली नाही.

मी वर्गात घटनादुरुस्तीचं पाचवं कलम शिकवायची तेव्हा मुलांना पूर्णविराम शोधायला लावायची. तो थेट शेवटी सापडतो, सगळं कलम एका लांबलचक वाक्यात आहे. त्यात प्रतिनिधी कोण निवडणार याबद्दल चकार शब्द नाही. राज्याला एक मत, की लोकसंख्येप्रमाणे? वायोमिंगमध्ये सहा लाखांहून कमी माणसं आणि कॅलिफोर्नियात पावणेचार कोटींहून जास्त, तेव्हा हा प्रश्न किरकोळ नाही.

मोजणीचंही तसंच. जमेबाहेर खर्च नको, या मागणीसाठी १९८३ पर्यंत ३२ राज्यांचे ठराव झाले होते. दोनच कमी पडले, पुढे कित्येकांनी ते मागे घेतले. नेब्रास्काचा ठराव वेगळ्या मोहिमेतला : केंद्राच्या खर्चाला आणि अधिकारांना लगाम, पदांना कालमर्यादा. २०२२ पर्यंत त्यात १९ राज्यं होती. निरनिराळ्या विषयांचे जुने-नवे ठराव एकत्र धरून ३४ भरवावेत, असं म्हणणारेही आहेत. मला ते अजिबात मान्य नाही. खर्चाला आळा घाला म्हणणाऱ्याची सही दुसऱ्याच मागणीखाली कशी चालेल?

लेकीने ठराव मुळातून वाचावा. नेब्रास्काचं विधिमंडळ एकाच सभागृहाचं, जेमतेम ४९ सदस्यांचं. तिथवर मतदाराचं पत्र पोचतं. मेरीलँड आणि नेवाडाने २०१७ मध्ये आपले जुने ठराव मागे घेतले, तेही विधिमंडळांतूनच. आपल्या भागाच्या सदस्याला तिने एवढंच विचारावं : परिषद भरलीच, तर नेब्रास्कातर्फे कोण जाणार, आणि ठरावाबाहेरच्या विषयावर त्यांनी मत दिलं तर तुम्ही त्यांना परत बोलावणार का?