आजीचा घावन का चिकटत नाही?

प्रिय चिऊ,

मंगळवारच्या पॅनकेकचा फोटो पाहिला आणि खाली तू लिहिलेलं दोनदा वाचलं. "बाबा, पीठ, अंडी, दूध सगळं मोजून घेतलं, तरी पहिले चार तव्याला चिकटले आणि त्यांची भुर्जी झाली. आजी नुसतं तांदळाचं पीठ आणि पाणी घेते, तरी तिचा घावन कधीच कसा चिकटत नाही? आणि ती तव्यावर कांदा फिरवते ते काय असतं? मला लहानपणी वाटायचं ती तव्याची पूजा करते."

फोनवर हे सांगून झालं नसतं, म्हणून सवडीने लिहितोय.

आधी तुझ्या हॉस्टेलच्या पॅनबद्दल. तो स्टीलचा आहे ना? स्टील आपल्याला गुळगुळीत दिसतं, पण त्याच्यावर बारीक बारीक चरे आणि खळगे असतात. पातळ पीठ त्यात शिरतं, आणि अंड्या-दुधातली प्रथिनं तापताना धातूला घट्ट धरून बसतात. तव्याला पुरेसा ताव नसेल तर त्यांना तसं करायला भरपूर वेळ मिळतो. तांदळाच्या पिठाचंही तेच. कोमट तव्यावर ते हळूहळू शिजतं आणि त्याची खळ होते. मी लहानपणी पतंग फाटला की भाताची दोन शितं चुरडून कागद चिकटवायचो. कोमट तव्यावरचा घावन म्हणजे तीच गोष्ट. तवा चांगला तापलेला असला तर पीठ पडताक्षणी त्यातल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ पिठाला खालून उचलून धरते आणि खालचा पापुद्रा धातूला चिकटायच्या आत सुकतो. घावनाला जी सुंदर जाळी पडते ना, ती वाफ वर निघून गेल्याच्या खुणा असतात. जाळी पडली नाही की आजी पिठाला दोष देत नाही, आधी ताव बघते.

ताव बघायचा तो पाण्याने. आजी बोटं बुडवून तव्यावर थेंब शिंपडते. थेंब नुसता बसून राहिला तर तवा थंड आहे. चर्र करून एक-दोन सेकंदांत उडून गेला तर घालायची वेळ झाली. आणि थेंब मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर धावायला लागला तर तवा फार तापलाय. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो तव्याला टेकतच नाही. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टराने 1756 मध्ये हे लिहून ठेवलं, म्हणून शास्त्रात त्याला त्याचंच नाव आहे. स्टीलसाठी ही खूण फार उपयोगी. थेंब धावेपर्यंत पॅन तापव, मग आच कमी कर, अर्धा मिनिट थांब, तेल घालून पुसून घे आणि मग पीठ ओत. तुमच्याकडे विजेची शेगडी आहे, ती सावकाश तापते आणि सावकाश निवते. तेव्हा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं पॅन नुसता ठेवायची तयारी ठेव. (नॉनस्टिक पॅन मात्र असा रिकामा तापवू नकोस. 260 अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब व्हायला लागतो.)

आता कांदा. कुडाळच्या घरी आजी कांदा आडवा अर्धा कापते, काट्याला किंवा सुरीच्या टोकाला टोचते, वाटीतल्या तेलात जेमतेम टेकवते आणि तव्यावर गोल फिरवते. त्या एका फिरवण्यात तीन कामं होतात. तेलाचा अगदी पातळ थर सगळीकडे सारखा बसतो. आधीच्या घावनाचे करपलेले कण निघून येतात; ते राहिले तर पुढचा घावन बरोबर तिथेच धरतो. आणि कांद्याच्या पाण्याने जास्त तापलेला तवा थोडा निवतो. कांदा नसला तर तिच्या लहानपणी वांग्याचा देठ किंवा नारळाची शेंडी वापरायचे. तू पॅनमध्ये तेल ओततेस तेव्हा ते एका बाजूला साचतं, पीठ त्यावरून घसरतं आणि कोरड्या जागी जाऊन चिकटतं. जास्त तेलाने चिकटणं कमी होत नाही, हे मलाही फार उशिरा कळलं.

पॅनकेकला तू लोणी वापरलंस असं दिसतंय. लोण्यात पाणी असतं आणि दुधाचा घट्ट भागही असतो. तो करपतो आणि पॅनला धरतो. तूप घे. लोणी कढवताना तो भाग बेरीत निघून गेलेला असतो. लोण्याची चव हवीच असेल तर पॅनकेक ताटात आल्यावर वरून लाव.

आता तव्याबद्दल, आणि इथे मला जरा जास्त लिहायचंय. आपल्या लेस्टरच्या घरात जो काळा तवा आहे, तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे आणि तुझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. 2004 मध्ये मी इथे इंग्लंडात आलो तेव्हा आईने, म्हणजे तुझ्या आजीने, तो माझ्या बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवला होता. तिने तो कित्येक वर्षं वापरलेला होता. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मला तो घाणेरडा वाटला, आणि मी तारेच्या घासणीने तासभर घासून त्याचा सगळा काळा थर काढून टाकला. खाली करडं लोखंड चमकायला लागलं. दुसऱ्या दिवशी पहिला घावन घातला तो निघेचना. दुसरा निघाला नाही, तिसराही नाही. रात्री फोनवर आईला सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली. रागावली नाही. म्हणाली, "तो काळो रंग म्हणजे माझी वीस वर्सा होती रे." ते वाक्य मी अजून विसरलो नाही.

तो काळा थर म्हणजे मळ नव्हता. तेलाचा पातळ थर गरम लोखंडावर पुन्हा पुन्हा तापला की तेल तेल राहत नाही, त्याचे कण एकमेकांत गुंफून कडक, गुळगुळीत कवच बनतं. चित्रकाराचा जवसाच्या तेलातला रंग वाळून घट्ट होतो ना, साधारण तसंच. लोखंडाचे सगळे खळगे त्या कवचाने भरून निघतात. म्हणून मुरलेल्या तव्याला पीठ धरत नाही. तेव्हा आजीचा तवा चिकटत नाही यात तिने आज केलेलं अर्धंच असतं. अर्धं तिने आधीच्या शेकडो सकाळी केलेलं असतं.

तवा परत मुरवायला आईने फोनवर सांगितलं ते असं. तांदळाचं धुवण घालून तीन दिवस ठेव, रोज बदल. मग धुऊन, लगेच आचेवर ठेवून कोरडा कर. पुसट तेल लाव, धूर येईपर्यंत तापव, निवू दे. हे चार-पाच वेळा. नंतर थोड्या तेलात कांद्याचे जाड काप तव्यावर काळे होईपर्यंत परतून घे आणि टाकून दे. एवढं करूनही पहिले घावन नीट निघाले नाहीत. महिनाभर रोज काही ना काही त्यावर केलं, तेव्हा तवा पुन्हा वळणावर आला. म्हणूनच आपल्याकडे चपातीचा तवा वेगळा आणि घावनाचा वेगळा. चपातीचा तवा कोरडाच तापत राहतो आणि त्यावरचा तेलाचा थर जळून जातो.

तू मागे विचारलं होतंस की गरम तव्यावर पाणी ओतलं की आजी का ओरडते. ते अशुभ मानतात, हे खरं आहे. शुभ-अशुभ तू तुझं ठरव, पण बीड ठिसूळ असतं, आणि लाल तापलेल्या तव्यावर गार पाणी पडलं तर तो तडकू शकतो. साबणाबद्दल मात्र माझं मत आजीपेक्षा वेगळं आहे. थोड्या साबणाने मुरलेला थर जात नाही. तो जातो तारेच्या घासणीने, रात्रभर सिंकमध्ये पाण्यात राहिल्याने आणि कोकम-चिंचेचं काही त्यावर शिजवल्याने. धुतला की लगेच तापवून कोरडा करायचा, एवढं पाळलं तरी पुरे.

घावनाचं प्रमाण: एक वाटी तांदळाचं पीठ, साधारण दोन वाट्या पाणी, मीठ. ताकासारखं पातळ हवं. पीठ तळाशी बसतं, त्यामुळे दर घावनाआधी तळापासून ढवळ. नाहीतर आधी नुसतं पाणी पडतं आणि शेवटी चिखल उरतो. वाटीने कडेकडून आत ओतत ये आणि पळीने पसरू नकोस. पसरायची ती आंबोळी. मग झाकण ठेव.

आणि इथे तू चुकलीस असं मला फोटोवरून वाटतं. तू पॅनकेक उचकटायला गेलीस. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आईच्या शेजारी बसून हेच करायचो, आणि ती माझा हात धरून म्हणायची, "घाई करू नको, तो आपसूक सुटतलो." खालची बाजू पूर्ण सुकली आणि तांबूस झाली की तिची धातूवरची पकड सैल होते. कडा वर येतात, पॅन हलवला तर अख्खा पॅनकेक सरकतो. तोवर उलथन्याला हात लावायचा नाही. कडेला उलथनं घातलं आणि अडलं, तर ते काढून घे आणि अजून वीस सेकंद थांब. तुझ्या अंड्या-दुधाच्या पॅनकेकलाही हे तसंच्या तसं लागू आहे.

पुढच्या शनिवारी मी तिकडे येतोय. तवा घेऊन येईन. वर्षभर तो तुझ्याकडेच राहू दे, मला इथे दुसरा आहे. सोबतच्या मैत्रिणींना आधीच सांगून ठेव की तो काळाच असतो, कोणी प्रेमाने घासून ठेवायला नको. तो ज्या जुन्या सुती फडक्यात गुंडाळलेला असेल ते आजीच्या लुगड्याचं आहे. तेलकट वाटलं तरी टाकू नकोस, तवा पुसायला तेच वापर.

तुझा,
बाबा