बांधच नाहीत, मग कोरणार काय?

प्रश्न: इंग्लंडमधल्या एका गावात अजून जुन्या काळासारखी बिनकुंपणाची शेती करतात म्हणे, हे खरंय का? आणि तिथं कोणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात नांगर घातला तर निकाल कोण देतं?

उत्तर: खरंय, गावाचं नाव लॅक्स्टन, नॉटिंगहॅमशायरमध्ये. गावाभोवती तीन मोठी शेतं आहेत, वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड, आणि प्रत्येकात बऱ्याच शेतकऱ्यांचे लांबट पट्टे, मध्ये ना कुंपण ना भिंत. एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक, दरवर्षी पाळी बदलते, त्यामुळे मला वाटलं म्हणून मी यंदा काहीतरी वेगळंच लावतो असं चालत नाही.

आता निकालाचं. नोव्हेंबर संपत आला की ज्युरी गव्हाच्या शेतात फिरते. ज्युरी म्हणजे गावातलेच शेतकरी, बूट घालून चिखलातून चालतात, पट्ट्यांच्या हद्दीवर खुंट्या ठोकतात, आणि कुणाचा नांगर रस्त्यावर किंवा कडेच्या गवतात घुसलाय का ते बघतात. (हे गवताळ तुकडे सखल जागी असतात, तिथं नांगर घालायचा नाही, त्यांच्या गवताचा लिलाव होतो.) मग दुपारी डव्हकोट इन या पबमध्ये जेवण, आणि पुढच्या आठवड्यात तिथंच कोर्ट लीट, म्हणजे गावाचं जुन्या काळापासूनचं न्यायालय, भरतं, दोषी सापडला की दंड. हा नुसता देखावा नाहीये बरं का, 1977 च्या कायद्यात अशा बहुतेक जुन्या कोर्टांचे अधिकार गेले पण लॅक्स्टनचे ठेवले.

बाकी गावांत 18व्या-19व्या शतकात संसदेचे कायदे करून शेतं तोडून कुंपणं घातली, छोट्या माणसाची चराई गेली ती गेलीच. लॅक्स्टन वाचलं ते काही कुणाच्या दूरदृष्टीमुळे नाही, असं सांगतात की दोन बड्या जमीनदारांचं एकमेकांशी जमेना, म्हणून वाटणी लटकत राहिली!

पट्टे मात्र जुन्या काळाइतके बारीक राहिले नाहीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरेच एकत्र केले, आता ट्रॅक्टर आरामात फिरतो. 1952 मध्ये मॅनव्हर्स या जमीनदार घराण्याने गाव कृषी मंत्रालयाला विकलं, 1981 मध्ये ते क्राउन इस्टेटकडे (राजसत्तेच्या नावावरच्या जमिनी सांभाळणारी संस्था) गेलं आणि 2020 मध्ये परत त्याच घराण्याच्या थोर्सबी इस्टेटने घेतलं. शेतकरी मात्र तेव्हाही कुळं होते, आजही कुळंच आहेत.