चढाआधी उताराचा हिशोब

चि. पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी डोंगरात पळायच्या शर्यतींची यादी पाहिली. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाच शर्यती, त्यातल्या तीन पन्नास किलोमीटरच्या वरच्या. त्यातल्या दोन आत्ताच खोडून टाक. मोठ्या शर्यतीनंतर दम आठ-दहा दिवसांत परत येतो आणि तिथंच माणूस फसतो. मांड्या, पोटऱ्या, टाचेची शीर यांना महिनाभर तरी लागतो. डिसेंबरातली सिंहगड-राजगड-तोरण्याची ५३ किलोमीटरची ठेव, तीच यंदाची मुख्य. बाकीच्या दोन पंचवीस-तीसच्या घे. त्या सराव म्हणून पळायच्या, नंबरासाठी नाही.

आता मुद्द्याचं. बेळगावातल्या वॅक्सिन डेपोच्या मैदानावरच्या फेऱ्यांनी तुझा दम चांगला झालाय, पण घोटे आणि मांड्या अजून सपाटीच्याच आहेत. डोंगरातली शर्यत बहुतेक जण चढावर नाही, उतारावर घालवतात. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना अंगाचं वजन झेलतो आणि त्यात त्याचे तंतू तुटतात. म्हणून पहिल्या मोठ्या उताराचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं, जिना उतरवत नाही. पण एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तसाच मार बराच सोसतो. याचाच फायदा घ्यायचा. दर दहा दिवसांनी एकदा येळ्ळूरच्या राजहंसगडावर जा. चढ चालत चढ आणि उतार पळत उतर, पहिल्यांदा चार वेळा, मग सहा, मग आठ. शर्यतीआधीचा शेवटचा जोरदार उतार दोन आठवडे अगोदर. त्यानंतर मांड्यांना हात लावायचा नाही.

उतरताना पावलं आखूड आणि भराभर टाक, मिनिटाला १७०-१८० पडली पाहिजेत. पाऊल पुढं फेकून टाचेनं ब्रेक मारलास की गुडघा बोंबलणार आणि वर तू घसरणार. पाय कमरेखालीच पडू दे, हात कोंबडीच्या पंखांसारखे बाहेर राहू देत. दिसेनात का बावळट. नजर बुटावर नको, तीन-चार मीटर पुढं ठेव. जो दगड आत्ता दिसतोय त्याच्यावर पाय तीन-चार पावलांनंतर पडणार असतो.

आपल्याकडं जमिनीला तोटा नाही. तास-दोन तासांच्या अंतरावर चार तऱ्हेच्या वाटा आहेत, पण प्रत्येकीचा काळ वेगळा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तांबडी माती आणि जांभा. पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, शेवाळ धरतं, तिथं पळायचं नाही, चालायचं. दिवाळीनंतर तोच जांभा सुटून बारीक खडे होतात आणि उतारावर सांडलेल्या हरभऱ्यावर पाय पडल्यासारखं होतं. असल्या ठिकाणी वाटेच्या मधोमध न जाता कडेच्या गवताचा आधार घे. भाताच्या बांधावरून जायची वेळ आली तर चालत जा. खेकड्यांच्या बिळांनी बांध पोकळ असतो आणि तो ढासळला तर नुकसान शेतकऱ्याचं.

पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडं काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, म्हणून पावसाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा बुटाला थरावर थर चढतो आणि पाय शेणाच्या पाटीत घातल्यासारखा जड होतो. तिथला सराव जानेवारीनंतर, तोही पाणंदीतून. ज्वारी काढलेल्या रानात शिरू नकोस, धसकटं बुटाच्या तळातून आत घुसतात. गोकाककडच्या वालुकाश्माच्या टेकड्यांवर कोरड्यात पकड सुरेख मिळते, पण सावलीचं झाड नाही. पाणी जवळ हवंच. पलीकडच्या शिवारात बाटली भरून घ्यायला 'नीर बेक्री', म्हणजे पाणी हवंय, एवढं कन्नड पुरतं. चंदगड बाजूला देवरवाडीचा वैजनाथ आणि महिपाळगड, हा मला सगळ्यात आवडता सराव. चढ, पठार, झाडी सगळं एका सकाळीत मिळतं. एप्रिल-मेच्या वळवात मात्र कुठल्याच माथ्यावर दुपारनंतर थांबायचं नाही. वीज उघड्या माथ्यावर आधी पडते.

खाण्याचा घोळ सगळेच करतात. ओआरएसवर पळता येईल असं तुला वाटतंय. एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. ते जुलाबाचं औषध आहे, शिदोरी नव्हे. तुला तासाला ५० ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जायला हवी. अर्ध्या लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा मीठ, अर्धं लिंबू. याहून फार घट्ट केलंस तर पाणी पोटात तुंबतं आणि मळमळतं. उरलेले २० ग्रॅम गुळाच्या दोन खड्यांतून किंवा एका केळ्यातून. पहिला घास अर्ध्या तासालाच घे, भूक लागायची वाट बघू नकोस. गोकाकची करदंट मिठाई कितीही आवडत असली तरी ती शर्यतीनंतर. त्यातलं तूप आणि सुकामेवा पळताना पचत नाही. आणि साधं पाणी ढसाढसा पिऊ नकोस. बोटं सुजली, घड्याळाचा पट्टा रुतायला लागला, डोकं दुखायला लागलं, तर रक्तातलं मीठ पातळ झालंय असं समज. पाणी थांबव आणि लगेच वैद्यकीय मदत गाठ.

जंगलाकडं एकटीनं जायचं नाही. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल नको. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला ती बाहेर असतात, म्हणून कानात इअरफोन घालू नकोस आणि बोलत जा. गवा दिसला तर थांब, तोंड त्याच्याकडं ठेवून मागं सर, वाट त्याची. वस्तीवरच्या कुत्र्यांपुढं पळणं थांबवून चाल. दगड उचलल्यासारखं वाकलीस तरी बहुतेक वेळा पुरतं.

जळवांचं सगळे विचारतात, गोचिडांचं कुणी नाही. चोर्ला घाटाच्या पलीकडं गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि तो ताप गोचिडामार्फत येतो. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, म्हणजे नेमका तुझा. पायमोजे लांब घाल, पाल्यावर बसू नकोस, घरी आलीस की गुडघ्यामागं, काखेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली बोट फिरवून बघ. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचं, पिळायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्रात सांग. जळवेला मीठ पुरतं. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, त्याला घाबरू नकोस.

बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घे, उतारावर पाय पुढं सरकतो. तांबड्या कोरड्या वाटांना तळाचे दात तीन-चार मिलिमीटरचे पुरेत, चिखलाला पाच-सहा. नाडी शेवटच्या भोकातून घोट्यालगत आवळ, नखं तीन दिवस आधी काप. ओले बूट उन्हात टाकू नकोस, डिंक सुटून तळ निघतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेव आणि दोन तासांनी बोळे बदल.

कळावे.