बेनना विचारा : बोट कुठल्या ओळीवर आहे?

या महिन्यात आलेली पत्रं जवळजवळ सगळी एकाच दुखण्याची आहेत. बारावीचं वर्ष, दाराशी येऊन ठेपलेली प्रवेश परीक्षा आणि इंग्रजीचा तो उतारा. तेहतीस वर्षं मी वडोदऱ्यात इंग्रजी शिकवलं. घर मराठी, पण इथल्या शाळेत बाईंना 'बेन'च म्हणतात. निवृत्त झाले तरी नाव तेच राहिलं, आणि ही पत्रंही त्याच नावानं येतात.

*मुलगी बारावी कॉमर्सला आहे. दिल्ली विद्यापीठात जायचं म्हणून सीयूईटी ही विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा देणार आहे. इंग्रजी फाडफाड बोलते, जाडजूड कादंबऱ्या वाचते. तरी उताऱ्यावरच्या दहा प्रश्नांत चार चुकवते आणि वर 'उत्तरपत्रिकाच चुकलीय' म्हणून भांडते. — एक आई, दांडिया बाजार*

ताई, भांडू द्या. जी मुलं भांडतात ती निदान विचार करून चुकतात. मुकाट्याने 'ब' खोडून 'क' लिहिणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

तुमच्या लेकीचं दुखणं मला ओळखीचं वाटतं. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे चार मुलं यायची. त्यांच्यासाठी मी स्वतःच एक उतारा लिहिला, आपल्या मांडवीतल्या सेंट्रल लायब्ररीवर. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, पुस्तकं पेट्यांत भरून खेडोपाडी जाऊ लागली, असं सगळं त्यात होतं. शेवटी एक वाक्य होतं : कपाटं लोखंडी आहेत आणि मजल्यांच्या फरश्या जाड काचेच्या, त्यामुळे वरचा उजेड खालच्या मजल्यांपर्यंत झिरपतो. प्रश्न सोपा होता. 'उताऱ्यानुसार काचेच्या फरश्यांचा फायदा काय?' पर्याय चार : आगीपासून बचाव, खालपर्यंत उजेड, परदेशी थाट, वाळवी न लागणं.

चौघांतल्या सगळ्यात हुशार मुलीनं आगीवर खूण केली. का गं? तर म्हणाली, 'आजोबांनी मला आत नेऊन दाखवलंय. लाकूड नाही म्हणून आग लागत नाही, असं त्यांनीच सांगितलं.' आजोबांचं खरं असेलही. पण प्रश्न आजोबांना विचारलेला नव्हता, उताऱ्याला विचारला होता. बाकीच्या तिघांनी लायब्ररीत कधी पाऊलही ठेवलेलं नव्हतं. तिघांचं उत्तर बरोबर आलं.

वाचणाऱ्या मुलांचं हे असं होतं. त्यांच्या डोक्यात आधीच बरंच काही असतं, आणि उताऱ्यात जिथे फट दिसेल तिथे ते जाऊन बसतं. म्हणून आता माझ्याकडे एकच नियम आहे : उत्तर सांगायच्या आधी बोट ओळीवर ठेवायचं. 'लेखकाला असं वाटत असावं' छापाचा प्रश्न असला तरी कुठल्या तरी ओळीतूनच ते वाटायला हवं. बोट हवेत राहिलं तर ते उत्तर तुझ्या डोक्यातलं आहे, कितीही शहाणं असलं तरी खोड. लेकीला पंधरा दिवस एवढंच करायला सांगा. आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे 'कुठून आलं?' हे एका शब्दात लिहायला सांगा : आजोबा, टीव्ही, अंदाज, घाई. माझ्या त्या मुलीच्या वहीत 'आजोबा' सहा वेळा निघाले.

जाता जाता, त्याच उताऱ्यात 'मेनी' गावं असं होतं आणि एका पर्यायात 'मोस्ट' गावं. अनेक म्हणजे बहुतेक नव्हे. दोघं तिथे घसरले. 'ऑल', 'ओन्ली', 'ऑल्वेज' असे छातीठोक शब्द पर्यायात दिसले की उताऱ्याशी पुन्हा ताडून पाहायचं. लेखक सहसा इतका छातीठोक नसतो.

*मी दहावीपर्यंत गुजराती माध्यमात शिकलो, घरी मराठी. क्लॅट ही कायद्याची प्रवेश परीक्षा देऊन गांधीनगरच्या जीएनएलयू या विधी विद्यापीठात जायचंय. रोज पन्नास इंग्रजी शब्द पाठ करतो, रात्री त्यातले दहा आठवतात. उतारा समोर आला की तेही आठवत नाहीत. माझं इंग्रजी कच्चंच राहणार का? — विद्यार्थी, प्रतापनगर*

अरे, तुला दोन भाषा घरबसल्या आल्या आणि तिसरीत तू उतारे सोडवतोयस. कच्चं कसलं!

पन्नास शब्दांची ती यादी आधी बंद कर. क्लॅटच्या इंग्रजीत उतारे साधारण साडेचारशे शब्दांचे असतात. १२० पैकी इंग्रजीचे प्रश्न बावीस ते सव्वीस, पण कायदा, तर्क, चालू घडामोडी, तिथेही उताराच पुढ्यात येतो. सगळा पेपरच वाचण्याचा आहे म्हण ना. साडेचारशे शब्दांत तुला न येणारे फार तर दहा असतील. त्या दहांमुळे मुलं चुकतात असं मला कधी दिसलं नाही. चुकतात ती येणाऱ्याच शब्दांमुळे. ते शब्द इतके किरकोळ असतात की कुणी पाठ करायला घेत नाही.

'फ्यू पीपल केम' आणि 'अ फ्यू पीपल केम', यात फरक काय? वर्गात विचारलं की मुलं म्हणतात, 'अ'चा. मग मी मराठीत विचारते. लग्नाहून आलेल्या काकूंनी 'थोडेच लोक आले होते' म्हटलं तर काय कळतं? आणि 'थोडे तरी आले' म्हटलं तर? पहिल्यात काकू हिरमुसल्यात, दुसऱ्यात त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकलाय. आकडा तोच असेल. आपण जे काम 'च' आणि 'तरी' कडून करून घेतो ते इंग्रजीत त्या एवढ्याशा 'अ'नं केलं. हे तुला येतंय, फक्त तिकडच्या रस्त्यावर ओळखू येत नाही.

तसंच 'हार्डली'. मुलं त्याला 'हार्ड'चा भाऊ समजतात आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो खूप राबतो असा अर्थ लावतात. त्याचा अर्थ बरोबर उलटा : तो कामाला जेमतेम हात लावतो. या एका शब्दानं अख्ख्या परिच्छेदाचं तोंड फिरतं.

आता टोनचे प्रश्न. लेखक कौतुक करतोय, चिडलाय की टोमणा मारतोय? इथे मुलं हातपाय गाळतात. पण आपल्याकडे 'म्हणे' आहे की! 'ते म्हणे मोठे विद्वान.' हे ऐकल्यावर विद्वत्तेचं प्रमाणपत्र कुणी मागत नाही. बोलणाऱ्यानं हात झटकलेत हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. इंग्रजी लेखक हेच 'सपोजेडली', 'सो-कॉल्ड' अशा शब्दांनी करतो, किंवा नुसतं अवतरण चिन्हात टाकून मोकळा होतो. असा शब्द आला की मनात 'म्हणे' घालून वाक्य वाचून पाहा. बसलं तर लेखकाचा त्या गोष्टीवर विश्वास नाही, कौतुकाचा पर्याय खोडून टाक.

आणि खरोखर न येणारा शब्द? समज, उताऱ्यात 'फ्रूगल' आलाय. पुढचं वाक्य आहे : तो आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरायचा. काटकसरी की कंजूष? अजून पुढे वाच. 'त्याच पैशांत त्यानं तिघा भाच्यांची फी भरली' असं असेल तर काटकसरी. शब्द अडला तिथे थांबू नकोस, दोन वाक्यं पुढे जाऊन मागे बघ. थांबलास की शब्दही जातो आणि मिनिटही.

रोज दोन उतारे. सोडवून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीनं मराठीत एक ओळ लिही. भाषांतर नको, लेखक इथे काय करतोय ते लिही. 'इथे लोकांचं म्हणणं सांगितलं.' 'इथे ते खोडलं.' 'इथे जरा माघार घेतली.' गुजरातीत लिहिलंस तरी चालेल, परीक्षक ते पाहायला येत नाही.

*नातवाला रोज सकाळी इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावतो. याचा उपयोग होतो ना? — आजोबा, रावपुरा*

उच्चारांना होतो. आकलनाला फारसा नाही, कारण मोठ्यानं वाचताना मुलाचं सगळं लक्ष अडखळू नये याकडेच असतं. आपण असं करून पाहा : त्याला मनात वाचू द्या, मग पेपर आपल्या हातात घ्या आणि त्याला तीन वाक्यांत मराठीत सांगायला लावा, लेखकाला नक्की काय हवंय. तुम्ही पेपरमध्ये पाहून हटकायचं. चहा होईपर्यंत आटपतं. अग्रलेख पटला की नाही यावर मात्र तेव्हा वाद घालू नका. तो दुसऱ्या चहाला.

*बेन, इंदूरच्या आयआयएमची बारावीनंतरची प्रवेश परीक्षा आयपीमॅट आणि सीयूईटी दोन्ही देतेय. उत्तर येत नसेल तर सोडायचं की ठोकायचं? आणि प्रश्न आधी वाचायचे की उतारा? सगळे वेगवेगळं सांगतात. — विद्यार्थिनी, कारेलीबाग*

ठोकण्याचा हिशेब आधी मांडू. सीयूईटीत बरोबरला पाच, चुकलं की एक वजा. चार प्रश्न डोळे मिटून ठोकलेस आणि नशिबानं एक बरोबर आला, तर पाचातून तीन गेले, दोन उरले. आयपीमॅटच्या बहुपर्यायी प्रश्नांत बरोबरला चार आणि चुकलं की वजा एक, म्हणजे चारातून तीन जाऊन एक उरतो. नशीब दर वेळी तेवढं शहाणं नसतं, पण एक जरी पर्याय तू खात्रीनं खोडू शकलीस तर पारडं तुझ्याकडे झुकतं. उताऱ्याच्या प्रश्नात एक पर्याय तरी खोडता येतोच. त्यामुळे सोडू नकोस. फक्त अशा एका प्रश्नाला अर्ध्या मिनिटाच्या वर देऊ नकोस.

प्रश्न आधी की उतारा? मी स्वतः कित्येक वर्षं 'प्रश्न आधी' असं ठासून शिकवलं, आणि ते अर्धंच बरोबर होतं. माहितीचा उतारा असेल, सालं, आकडे, कारणं, तर प्रश्नांवरून आधी नजर फिरव. सीयूईटीत कथेचे आणि साहित्यिक उतारेही येतात. तिथे प्रश्न डोक्यात घेऊन शिरलीस की गोष्टीत शोधाशोध सुरू होते, गोष्ट वाचलीच जात नाही. ते सरळ वाच, मग प्रश्नांकडे ये.

अजून एक, जे तू विचारलं नाहीस. सीयूईटी संगणकावर असते, पन्नास प्रश्न, साठ मिनिटं. तिथे ओळीखाली पेन्सिल ओढता येत नाही. माझ्याकडची एक मुलगी छापील उताऱ्यांवर पटाईत होती, पडद्यासमोर बसल्यावर हात कुठे ठेवावा तेच तिला कळेना. म्हणून निदान निम्मा सराव लॅपटॉपवर कर, मोबाइलवर नको. शेजारी कोरा कागद ठेव, आणि परिच्छेदाची ती एक ओळ त्याच्यावर लिही. पडद्यावर बोट टेकवायला कुणाची मनाई नाही, घरी आई काच पुसायला लावेल तेवढंच.