कोडी सोडवण्याच्या स्पर्धेसाठी टीम करताना टॉपर घ्यावेत की मित्र?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात रात्रभर चालणारी कोड्यांची स्पर्धा आहे, सहा जणांची टीम लागते, तर वर्गातले पहिले सहा घेऊ की रोजच्या कट्ट्यावरची पोरं? मी अशा टीम बांधल्यात आणि पोरांचा सरावही घेतलाय. माझं मत विचाराल तर दोन्ही नको.

आधी ही कोडी कशी असतात ते बघा. परीक्षेत प्रश्न काय आहे ते तरी माहीत असतं. इथं तेवढंही नसतं. हातात एक कागद येतो, त्यावर बारा पक्ष्यांची नावं आणि शेजारी काही आकडे, बास. काय करायचं हेच शोधायचं असतं, आणि शेवटी एक शब्द निघाला पाहिजे. अशा वेळी "यातल्या चार नावांत रंग आहे की" असं अर्धवट काहीतरी मोठ्यानं बोलून टाकणारा माणूस सोन्याचा. टॉपर बहुतेक वेळा खात्री होईपर्यंत तोंड उघडत नाही. हुशारी असते, पण ती त्याच्याजवळच राहते.

एक उदाहरण देतो. सरावासाठी मी चार छोटी कोडी केली होती. एक ब्रेलमधलं, एक मोर्समधलं, एक शब्दकोडं आणि एक आकड्यांचं. उत्तरं आली कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. या चारांवरून पाचवं, शेवटचं उत्तर काढायचं होतं. कॉम्प्युटरची पोरं लगेच अक्षरं मोजायला लागली, पहिलं अक्षर घे, तिसरं घे, उलटं वाच. कॉमर्सची एक मुलगी, प्रयाग चिखलीकडची, कागद बघून म्हणाली, "अरे, पण पाचवी कुठाय?" संपलं कोडं. पंचगंगा नदी पाच नद्यांच्या संगमातून होते, तो संगम प्रयाग चिखलीलाच आहे. त्यातल्या या चार दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त आहे असं मानतात. उत्तर सरस्वती. तिला मोर्स येत नव्हता आणि तिथं त्याची गरजही नव्हती.

म्हणून वेगवेगळ्या नादाची माणसं गोळा करा. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला अकराच्या अकरा फॉरवर्ड घेऊन कुठल्या तालमीचा संघ उतरतो? सांकेतिक लिपीचा नाद असलेला एक हवाच. ब्रेल, मोर्स आणि सीझरची अक्षरं सरकवण्याची पद्धत त्याला तोंडपाठ पाहिजे. मराठी कोडी असतील तर अंकपल्लवीही बघून ठेवायला सांगा. त्यात वर्णमालेतल्या वर्गाला एक अंक, वर्गातल्या अक्षराला दुसरा आणि मात्रेला तिसरा असतो. इतिहास विभागात मोडी वाचणारं कुणी सापडलं तर हातचं जाऊ देऊ नका. सुडोकूसारख्या तर्काच्या कोड्यांना एक शांत डोक्याचा लागतो. शिवाय एक पळणारा. विद्यापीठाचं आवार ८५३ एकरांचं आहे, "अश्वारूढ पुतळ्याजवळची पाटी वाचून या" असं कोडं आलं तर गाडी आणि रस्ते माहीत असलेलाच कामाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचा माणूस, ज्याला कुणी मोजत नाही. शीट सांभाळणारा. टीम तुम्ही बांधताय तर हे काम तुम्हीच घ्या, आणि कोडी सोडवायचा मोह आवरा. (अवघड आहे, मला माहीत आहे.) एक गूगल शीट काढा. प्रत्येक कोड्याला एक ओळ, त्यात कोण करतंय, काय दिसलं, कुठं अडलं, उत्तर काय. चुकलेल्या कल्पना पुसू द्यायच्या नाहीत, नाहीतर पहाटे तीनला दुसरा कुणीतरी तेच पुन्हा करत बसतो. हे व्हॉट्सॲप ग्रुपवर जमत नाही, तिथं कामाची गोष्ट गुड मॉर्निंगखाली गाडली जाते. वीस मिनिटं काहीच हललं नाही तर कोडं दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हे आधीच ठरवून टाका. ऐनवेळी सांगितलं की माणूस रुसतो. उत्तर पाठवायचं कामही एकाच्याच हाती ठेवा.

अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात मिस्टरी हंट नावाची अशीच कोड्यांची स्पर्धा १९८१ पासून चालू आहे. दर जानेवारीत भरते, कोडी सोडवत सोडवत शेवटी कॅम्पसवर लपवलेलं नाणं शोधायचं असतं, आणि जिंकणाऱ्या टीमनं पुढच्या वर्षीची स्पर्धा रचायची. बक्षीस म्हणायचं की शिक्षा, तुम्हीच ठरवा. तिथं शंभरावर माणसांच्या टीम उतरतात, त्यामुळं कुठल्याही विषयाचं कुणीतरी निघतंच. तुमचे सहाच आहेत, म्हणून प्रत्येकाकडं दोन तरी नाद असावेत.

निवड कशी करायची? दहा-बारा जणांना एका संध्याकाळी बोलवा, सूचना नसलेली तीन कोडी द्या आणि स्वतः गप्प बसा. कोण किती सोडवतो ते बघू नका. अडल्यावर कोण मोबाईल काढतो, कोण दुसऱ्याच्या कागदात डोकावून "थांब थांब" म्हणतो, ते बघा. डोकावणाऱ्याला घ्या. आपलीच कल्पना बरोबर म्हणून भांडत बसणारा कितीही तल्लख असला तरी नको.

रात्रीसाठी स्केल, कात्री, पेन्सिली, कोरे कागद आणि एक्स्टेंशन बोर्ड घ्या. झेरॉक्स संध्याकाळीच काढून ठेवा. दोघादोघांनी पाळीपाळीनं झोपा. तांबडा-पांढरा स्पर्धा संपल्यावर, आधी नाही.

आणि नाव नोंदवण्याआधी संयोजकांना तीन गोष्टी विचारून घ्या: इंटरनेट वापरता येतं का, बाहेरच्या मित्राला फोन चालतो का, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात का. कापत असतील तर शीटवर आणखी एक रकाना वाढवा, उत्तर पाठवण्याआधी दुसऱ्या कुणी तपासलं त्याचं नाव लिहायला.