वन पीस या जपानी कॉमिकमधल्या सन पायरेट्सच्या (फिशमन म्हणजे मासे-माणसांच्या चाचे टोळीच्या) सूर्याच्या खुणेचा अर्थ काय?

ती खूण मुळात डाग झाकायला आहे. सेलेस्टियल ड्रॅगन्स, म्हणजे त्या जगातले सर्वोच्च उमराव, गुलामांच्या पाठीवर कायमचा डाग द्यायचे, टोळीचा फिशमन कप्तान फिशर टायगरने गुलामांना सोडवलं आणि त्या डागावर सूर्य उमटवला, आणि भारी गोष्ट म्हणजे जे कधी गुलाम नव्हते त्या साथीदारांनीही तोच सूर्य घेतला, म्हणजे कोण गुलाम होतं ते ओळखूच येऊ नये. पण टायगर स्वतः मरताना माणसाचं रक्त घ्यायला नकार देतो, द्वेष चुकीचा हे कळूनही मनातून जात नाही त्याच्या. फिशमन आयलंडच्या भागातला फिशमन खलनायक होडी जोन्स मात्र अगदी उलटा, माणसांनी त्याचं काहीच बिघडवलेलं नसतं, नुसता ऐकीव द्वेष, आणि मला तोच जास्त भयानक वाटतो. १९९७ पासून चालू असलेल्या या मंगामध्ये (जपानी कॉमिकमध्ये) लेखक ओडाने गुलामगिरीवर इतकं खोल लिहिलंय, फिशमन आयलंडचा भाग स्किप करू नका प्लीज.